बिनतारी संदेशवहन : मैसूरच्या आकाशवाणीपासून खिशातील दूरध्वनीपर्यंत

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त नंजनगूड येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी आम्ही काही बोलावे अशी आज्ञा झाली, तेव्हा प्रथम आम्हांस संकोच वाटला. विषय सुचविला गेला बिनतारी संदेशवहनाचा. आणि आम्ही पडलो कलाशाखेचे साधे पदवीधर! केंद्र सरकारच्या सेवेत उभी हयात फायलींवर शेरे मारण्यात गेली. परंतु दर तीन-चार वर्षांनी बिऱ्हाड हलविणाऱ्या नोकरदाराला दूरच्या माणसांशी संबंध कसा राखावा, हा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागत नाही. तो त्याच्या सामानसुमानाबरोबर गावोगाव हिंडतच असतो. त्या अनुभवाच्या आधारावर आणि थोड्याफार वाचनाच्या बळावर आम्ही आपल्यापुढे उभे आहोत. जाणकारांनी चूकभूल पदरात घ्यावी.

विषयाला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट सांगितली पाहिजे. या महोत्सवाच्या तयारीच्या बैठकीत एका तरुण सभासदाने आम्हांस विचारले, "काका, रोज रात्री आई मला मोबाइलवर दिसते, बोलते. मराठी नाटकं, गाणी, वर्तमानपत्रं, सगळं हातात आहे. पन्नास वर्षांपूर्वी मंडळ लागत होतं, हे पटतं. पण आता कशाला?" प्रश्न प्रामाणिक होता, आणि प्रामाणिक प्रश्नाला थातुरमातुर उत्तर देणे बरे नव्हे, म्हणून त्या दिवशी आम्ही गप्प राहिलो. आजचे व्याख्यान हेच आमचे उत्तर समजावे.

१९९६ सालचा पावसाळा आम्ही कधी विसरणार नाही. नोकरीस लागून तीन वर्षे झाली होती. कर्नाटकातल्याच एका तालुक्याच्या गावी नेमणूक होती. सातारा जिल्ह्यातील आमच्या गावी वडील आजारी होते. घरात फोन नव्हता. गावातील वाण्याच्या दुकानात एक होता, आणि आमच्या बिऱ्हाडाशेजारी राहणाऱ्या कन्नड गुरुजींच्या घरी एक. रविवारी रात्री वडिलांची प्रकृती बिघडली. धाकटा भाऊ रात्रभर वाण्याच्या ओट्यावर बसून क्रमांक फिरवीत राहिला. पण पावसाने घाटातले खांब कोसळले होते, तारा तुटल्या होत्या. मंगळवारी दुपारी गुरुजी आमच्या दारात निरोप घेऊन आले, तेव्हा गावी सोमवारीच अग्निसंस्कार उरकला होता. दोष कोणाचाच नव्हता. पावसाला काय बोल लावायचा? गुरुजींनी स्वतःच्या हाताने आमची पिशवी भरली आणि बसमध्ये बसवून देईपर्यंत ते आमच्याजवळून हलले नाहीत.

दैवाचा खेळ असा, की त्याच्या आदल्याच वर्षी, ३१ जुलै १९९५ रोजी, पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीतील दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी भ्रमणध्वनीवरून संभाषण करून भारतातील या सेवेचा प्रारंभ केला होता. तारेवाचून बोलणारा दूरध्वनी देशात आला होता. आमच्या घाटापर्यंत तो पोचला नव्हता, इतकेच. बिनतारी विद्येविषयी आमच्या मनात जे कुतूहल आहे, त्याचे मूळ त्या तुटलेल्या तारेत आहे.

या विद्येचा इतिहास पाहण्यासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. येथून अवघ्या पंचवीसेक किलोमीटरांवर, मैसूर शहरात, महाराजा महाविद्यालयात मानसशास्त्र शिकविणारे डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी नावाचे एक प्राध्यापक होऊन गेले. ते ना अभियंते होते, ना धनिक. त्यांनी तीस वॅटचा एक छोटा प्रक्षेपक मिळविला आणि १० सप्टेंबर १९३५ रोजी 'विठ्ठल विहार' या आपल्या राहत्या घरातून नभोवाणीचे कार्यक्रम सुरू केले. केंद्राचे नाव ठेवले 'आकाशवाणी'. तीस वॅट म्हणजे किती? आपल्या घरात पूर्वी जो पिवळा दिवा लागत असे, तोही बहुधा चाळीस वॅटचा असे. दिव्याहून कमी शक्तीच्या त्या यंत्राने मैसूरकरांना गाणी ऐकविली, व्याख्याने ऐकविली. पुढे २५० वॅटचा प्रक्षेपक आला. नंतर संस्थानाने केंद्राचा भार उचलला. १९५५ मध्ये ते बंगळूरला हलविले गेले. परंतु नाव मात्र टिकले, इतकेच नव्हे तर स्वातंत्र्यानंतर साऱ्या देशाच्या नभोवाणीने तेच धारण केले. एका मास्तराच्या घरात उच्चारलेला शब्द आज अखिल भारताचा झाला आहे.

या विद्येची पूर्वपीठिकाही आपल्याच देशात आहे. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये विद्युच्चुंबकीय लहरी भिंतींपार पाठवून दुसऱ्या खोलीतील घंटा वाजवून आणि बंदुकीची दारू पेटवून दाखविली. त्यांच्या लहरींची लांबी मिलिमीटरांत मोजावी इतकी आखूड होती. १२ डिसेंबर १९०१ रोजी मार्कोनींनी अटलांटिक महासागर ओलांडून संदेश पाठविला तो मात्र फार लांब लहरींवर. त्यानंतर जगाने बराच काळ अशा लांब लहरींचाच पाठपुरावा केला. आणि आज, शंभराहून अधिक वर्षांनी, पाचव्या पिढीच्या भ्रमणध्वनीसाठी भारतात २०२२ मध्ये ज्या लहरींचा लिलाव झाला, त्यांतील सर्वांत वरच्या पट्ट्यातील लहरी जेमतेम साडेअकरा मिलिमीटर लांबीच्या आहेत. आचार्यांनी ज्या वाटेवर पहिले पाऊल टाकले, त्या वाटेवर व्यवहारी जग इतक्या उशिरा आले.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर २३ जुलै १९२७ हा दिवस ध्यानात ठेवण्यासारखा आहे. खडकी आणि दौंड येथील केंद्रांमधून इंग्लंडशी थेट बिनतारी तारसंदेशांची सेवा त्या दिवशी सुरू झाली. आणि त्याच दिवशी मुंबईचे नभोवाणी केंद्रही सुरू झाले. दोन्हींचे उद्‌घाटक व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन. एकाच दिवशी बिनतारीच्या दोन वाटा आपल्या भूमीत उघडल्या म्हणावयाच्या : एका वाटेने दोघे एकमेकांना निरोप देणार, आणि दुसरीने एकजण बोलणार व हजारोंनी ऐकावयाचे. मैसूरची आकाशवाणी दुसऱ्या वाटेची. आपल्या खिशातला दूरध्वनी पहिल्या वाटेचा. आणि ही पहिली वाट जनसामान्यांसाठी मोकळी होण्यास फार काळ लागला.

असे का व्हावे? कारण साधे आहे. आकाश विशाल दिसते. पण संदेशवहनास उपयोगी पडणाऱ्या लहरींचे पट्टे मोजकेच. दोघांनी एकाच पट्ट्यावर एकाच ठिकाणी बोलू पाहिले तर दोघांचाही आवाज एकमेकांत मिसळतो. एकाने बोलायचे असेल तर एक पट्टा पुरतो. प्रत्येकाने बोलायचे म्हटले की पट्टे संपतात. अमेरिकेत १९४६ मध्ये मोटारगाड्यांत बिनतारी दूरध्वनी बसविण्यास आरंभ झाला. शहराच्या मधोमध एक उंच मनोरा, त्यावर शक्तिमान प्रक्षेपक, आणि साऱ्या शहराला मोजक्याच वाहिन्या. न्यूयॉर्कसारख्या महानगरातही एका वेळी थोड्या लोकांचेच संभाषण चाले. बाकीच्यांनी वाट पाहत बसावे.

यावरचा तोडगा १९४७ मध्येच अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील डग्लस रिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सुचला होता. तो समजून घेण्यासारखा आहे. त्यांनी मनोरा अधिक उंच केला नाही, त्याची शक्तीही वाढविली नाही. उलट ती कमी केली. शहराचे लहान लहान भाग पाडावयाचे, मधमाश्यांच्या पोळ्यातल्या घरांसारखे षट्‌कोनी. प्रत्येक कोष्ठात एक लहानसा मनोरा, आपल्या परिसरापुरताच आवाज पोचविणारा. त्याचा आवाज दूर जात नाही, म्हणूनच काही कोष्ठे सोडून पलीकडच्या कोष्ठात तोच पट्टा पुन्हा वापरता येतो. पाच-पन्नास वाहिन्या अशा रीतीने लक्षावधी लोकांना पुरतात. मनोऱ्यावरील एका प्रक्षेपकाची शक्ती आजही साधारण वीस ते चाळीस वॅटांच्या घरातच असते. गोपालस्वामींचा तीस वॅटचा प्रक्षेपक जणू दर कोष्ठात एकेक बसला आहे!

कल्पना सुचली तरी यंत्रे तयार नव्हती. चालता माणूस कोणत्या कोष्ठात आहे याचा क्षणोक्षणी हिशेब ठेवण्यास संगणक लागतात. ३ एप्रिल १९७३ रोजी मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहून हातात धरता येणाऱ्या दूरध्वनीवरून पहिले संभाषण केले. १९७९ मध्ये टोकियोत, १९८१ मध्ये उत्तर युरोपातील देशांत आणि १९८३ मध्ये शिकागोत कोष्ठपद्धतीची सेवा सुरू झाली. हा पहिल्या पिढीचा फोन. १९९१ मध्ये फिनलंडमध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या पिढीने आवाजाचे अंकांत रूपांतर केले. त्यामुळे एकाच वाहिनीवर आठ जणांना आळीपाळीने पाळी देता येऊ लागली. एकेक पाळी सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या जेमतेम अर्ध्याहून थोडी अधिक. आपली पाळी येऊन जाते आणि परत येते, हे कानाला कळतही नाही. तिसऱ्या-चौथ्या पिढीने चित्रे आणली, आणि पाचवी पिढी आपल्या देशात १ ऑक्टोबर २०२२ रोजी अवतरली.

कोष्ठाला मर्यादा असते, हे आपण नंजनगूडकर दर वर्षी अनुभवतो. श्रीकंठेश्वराच्या मोठ्या जत्रेत गौतमरथ ओढला जातो त्या दिवशी लाखोंचा समुदाय कपिलेच्या काठी लोटतो. मोबाइलवरच्या रेघा पूर्ण दिसतात, आणि तरीही फोन लागत नाही! कारण मनोऱ्याचा आवाज आपल्यापर्यंत येत असला, तरी बोलण्याच्या पाळ्या सगळ्या भरलेल्या असतात. उलट गुंडलुपेट ओलांडून बंडीपूरच्या अरण्यात शिरावे, तर माणसे नाहीत आणि मनोरेही विरळ. रेघाच गळून पडतात. एकीकडे माणसांची दाटी, दुसरीकडे कोष्ठांचा अभाव, फळ एकच.

आता आमच्या मते या विद्येतील सर्वांत मनोज्ञ भाग. आपण नंजनगूडहून पुण्यास गेलो, खिशात फोन निमूट पडून आहे, आणि कोणी आपला क्रमांक फिरविला; तर फोन अचूक पुण्यात कसा वाजतो? साऱ्या देशातले मनोरे एकाच वेळी आपल्याला हाका मारीत नाहीत. व्यवस्था अशी आहे, की प्रत्येक फोनची नोंद दोन वह्यांत ठेवलेली असते. त्या वह्या संगणकातल्या असतात, पण त्यांचे काम दप्तरातल्या वह्यांसारखेच. एक घरची नोंदवही : हा क्रमांक कोणाचा, कोणत्या गणातला, त्याला कोणत्या सोयी द्यावयाच्या. दुसरी पाहुण्यांची नोंदवही : आज हा आमच्या हद्दीत उतरला आहे. आपण परगावी उतरून फोन चालू केला, की तिथली पाहुण्यांची नोंदवही आपली दखल घेते आणि घरच्या नोंदवहीला कळविते, "तुमचा माणूस आमच्याकडे आहे." मग कोणी हाक मारली, की घरची वही वाट दाखविते आणि पाहुण्यांची वही जवळच्या मनोऱ्यांकरवी आपल्याला शोधून काढते. घरच्या नोंदवहीत नाव असले, पण जिथे आपण आहोत तेथील वहीत कोणी नोंदच घेतली नाही, तर हाक आपल्यापर्यंत पोचत नाही.

तीच गोष्ट चालत्या गाडीतील संभाषणाची. एका कोष्ठातून दुसऱ्यात जाताना फोन शेजारच्या मनोऱ्यांचा आवाज मोजीत असतो. नव्या मनोऱ्याने जागा राखून ठेवल्यावरच जुना मनोरा हात सोडतो. आपल्याला काही जाणवतही नाही.

आणखी एक भ्रम दूर केला पाहिजे. आपण बिनतारी म्हणतो खरे. पण तारेवाचूनचा टप्पा हा बहुधा हातातील यंत्रापासून जवळच्या मनोऱ्यापर्यंतचाच. पुढचा बहुतेक प्रवास जमिनीत पुरलेल्या, केसासारख्या बारीक काचतंतूंमधून होतो. परदेशी बोलणे मुंबईसारख्या बंदरांतून समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारांतून जाते. म्हणजे तार नाहीशी झाली नाही. ती नजरेआड झाली आहे.

देशाची वाटचालही थोडक्यात पाहू. बंगळूरला १९४८ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजच्या काळ्या फोनवर दोन पिढ्या बोलल्या. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेने खेड्यांच्या उन्हाधुळीत वातानुकूलनावाचून चालणारे १२८ जोडण्यांचे स्वदेशी विनिमय केंद्र तयार केले, आणि त्यातले पहिले जुलै १९८६ मध्ये बसले ते आपल्या बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे. १९९५ मध्ये मोबाइलवर बोलावयाचे तर मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास मोजावे लागत. येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने परवानाशुल्काऐवजी उत्पन्नातील वाटा घेण्याची पद्धत आणली. २००३ मध्ये येणारा फोन निःशुल्क झाला. आणि मग भाजीवाल्यापासून मोलकरणीपर्यंत सर्वांच्या हाती फोन आला. आज देशातील बिनतारी जोडण्या शंभर कोटींहून अधिक आहेत. १९५० च्या दशकात जन्मलेल्यांनी ज्या तारेच्या भीतीने दार उघडले, ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आपल्या नंजनगूडचाही या व्यवसायात वाटा आहे : येथील औद्योगिक वसाहतीत इलेक्ट्रॉनिक यंत्रांच्या पोटात बसणाऱ्या छापील मंडलांच्या पट्ट्या तयार होतात. आपल्या सभासदांपैकी कितीकांची पोटे या वसाहतीवर अवलंबून आहेत, हे सांगावयास नकोच.

आता त्या तरुण मित्राच्या प्रश्नाकडे वळतो.

२०२० च्या वसंतात साथ आली, देश बंद झाला. नंजनगूडच्या औद्योगिक परिसरात रुग्ण आढळल्यामुळे आपल्या गावावर निर्बंध अधिकच कडक होते. आम्ही येथे बदलून येण्यापूर्वीची हकीकत. चिटणिसांच्या तोंडून ऐकलेली. मंडळाचे एक वृद्ध दांपत्य घरात अडकले होते. मुलगा परदेशी. तो रोज पडद्यावर आईवडिलांना पाहत होता. एके दिवशी वडिलांच्या हृदयविकाराच्या गोळ्या संपल्याचे त्याला कळले. तो सात समुद्रांपलीकडून त्यांचा चेहरा पाहू शकत होता; पण त्या चेहऱ्यापाशी गोळी पोचविणे त्याच्या हाती नव्हते. त्याने चिटणिसांना फोन केला. चिटणीस दुसऱ्या टोकाला, त्यांच्या गल्लीचा रस्ता बंद. त्यांनी दांपत्याच्या शेजारच्या कन्नड गृहस्थांना फोन केला. त्यांच्याकडे बाहेर पडण्याचा परवाना होता. तासाभरात गोळ्या उंबऱ्यावर आल्या. परदेशातून निघालेली हाक एका क्षणात नंजनगूडला पोचली. परंतु शेवटची शंभर पावले माणसाला चालावी लागली. ती कोणी चालावयाची, हे चिटणिसांना ठाऊक होते, कारण त्यांच्या वहीत त्या घराचा पत्ता होता, शेजाऱ्याचे नाव होते, आणि दर गणेशोत्सवाला त्या शेजाऱ्याच्या घरी मंडळाचा प्रसाद जात होता.

तरुण मित्रा, घरच्या नोंदवहीत तुझे नाव आहे. आई रोज रात्री तुला हाक मारते, ती तुझ्यापर्यंत येते. हे भाग्य आमच्या पिढीला लाभले नाही, आणि १९९६ ची ती रात्र आठवली म्हणजे या विद्येपुढे आम्ही हात जोडतो. परंतु जिथे तू राहतोस तिथल्या पाहुण्यांच्या वहीत तुझी नोंद कोणी घ्यावयाची? मंडळ म्हणजे ती दुसरी वही. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी ती उघडली, त्यांच्यापाशी मोठा मनोरा नव्हता. पाच-पन्नास घरांपुरतीच त्यांची शक्ती. पण तेवढ्या परिसरात त्यांनी एकही घर नोंदीवाचून राहू दिले नाही. आम्ही गेल्या तीस वर्षांत जेथे जेथे बदलून गेलो, तेथे असे एखादे मंडळ भेटले, की त्याने आधी जागा राखली आणि मगच जुन्या गावाने हात सोडला. जेथे मंडळ नव्हते, तेथे कन्नड गुरुजींसारख्या शेजाऱ्यांनी ते काम केले. म्हणून आमची एक सूचना आहे : आपल्या वहीत केवळ मराठी नावेच नसावीत. आपण पाहुणे आहोत. यजमानांची भाषा शिकावी, त्यांची नावे आपल्या वहीत असावीत आणि आपली त्यांच्या.

पुढची गोष्ट कामाची. मंडळाच्या सभासदांची यादी गेली सहा वर्षे दुरुस्त झालेली नाही, असे चिटणीस सांगतात. कित्येक क्रमांक बदलले आहेत. तिघे-चौघे ज्येष्ठ एकटे राहतात, त्यांच्या शेजाऱ्यांची नावे कोणापाशी नाहीत. सुवर्णमहोत्सवाचे स्मारक म्हणून एखादी कमान उभारण्याऐवजी ही यादी घरोघरी जाऊन नव्याने लिहिली जावी, अशी आमची विनंती आहे. ज्या तरुणाने प्रश्न विचारला, त्यानेच हे काम अंगावर घ्यावे, असे आम्ही सुचवितो. फोनवर नव्हे, प्रत्यक्ष जाऊन. पहिल्या रविवारी त्याच्याबरोबर चालावयास आम्ही तयार आहोत.

 श्रीकंठेश्वराच्या कृपेने मंडळाची शताब्दी आपल्या मुलाबाळांनी साजरी करावी, अशी प्रार्थना करून रजा घेतो.